अभ्यासाचा ताण

दिल्लीत मुनिरकातल्या त्या खोलीत आम्ही तिघी होतो. मी परभणीची, दुसरी धुळ्याची, आणि आम्हा दोघींहून मोठी, तिसऱ्यांदा यूपीएससी देणारी ताई. खोली एवढीशी की एकीनं कूस बदलली तर दुसरीला जाग यायची. तरी आज गुरुग्रामच्या गारेगार ऑफिसात बसून मला आठवते ती तीच.

रविवारी कांदेपोहे व्हायचे. धुळेवाली तीन बशा फस्त करून वर विचारायची, "अगं, संपले एवढ्यात?" खाणं आणि झोप, दोन्हींत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. छातीवर पुस्तक ठेवून ती अशी घोरायची की ताई म्हणायची, "हिला कलेक्टर केलं तर अख्खा जिल्हा झोपेल." किती हसायचो आम्ही!

पूर्वपरीक्षेत ती थोडक्यात हुकली आणि हे सगळं थांबलं. ती झोपेचना, रात्र रात्र वाचत बसायची. पोहे बशीत तसेच राहू लागले. दिवसभर दात खायची, शेजारच्या मुली आपल्या नोट्स चोरतात म्हणायची. आम्ही काय केलं? तिचं वेळापत्रक उतरवून गॅसच्या वर चिकटवलं. मला तर तिचा चक्क हेवा वाटायचा. एकदा तिच्या उशीखाली बिननावाच्या गोळ्यांची पुडी सापडली. "जागं राहायला आहेत, यार. लायब्ररीत सगळेच घेतात," ती म्हणाली. मला ते पटलं, कारण पटवून घ्यायचं होतं.

मे महिन्यातल्या एका दुपारी ती छाती धरून खाली बसली. अंग भाजत होतं, शब्द फुटत नव्हता. रिक्षात तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि उशीखालून उचललेली पुडी माझ्या ओढणीच्या गाठीत. ताई कानाशी येऊन म्हणाली, "गोळ्यांचं बोलू नकोस. पोलीस केस झाली तर उद्या सिलेक्शननंतर व्हेरिफिकेशनमध्ये तिघीही अडकू."

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "इसने कुछ लिया है क्या?"

"कुछ नहीं मॅडम, पढ़ाई का टेन्शन," ताई म्हणाली. मी मान डोलावली. राज्यघटनेची कलमं आम्हाला तोंडपाठ होती, आणि समोर जीव चालला होता ते दिसत नव्हतं.

तिला आत नेलं. आम्ही बाकावर बसून राहिलो. बऱ्याच वेळानं बाई पुन्हा बाहेर आल्या. "मैं पुलिस नहीं हूँ. हार्ट फेल हो रहा है इसका. सच बोलो." तेव्हा कुठे मी गाठ सोडली. बाईंनी पुडी पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि धावतच आत गेल्या.

ती वाचली. पण हृदय कायमचं दुबळं झालं. आता एक जिना चढली तरी तिला धाप लागते. लवकर सांगितलं असतं तर कमी बिघडलं असतं का, हे मी बाईंना विचारलं नाही. आजही विचारायची हिंमत नाही. आणि त्या व्हेरिफिकेशनची वेळ आम्हा तिघींपैकी एकीवरही आली नाही.

तिला न्यायला तिची आई आली. एवढ्या उन्हात, धुळ्याहून दिवस-रात्रीचा प्रवास करून. निघताना त्या माउलीनं माझे दोन्ही हात धरले. "तुम्ही दोघी होतात म्हणून माझी पोर हाती लागली गं."

मी म्हटलं, "काकू, असं काय बोलता." आणि तिची बॅग उचलून खाली निघाले.