आईबरोबर धोडपच्या भिंतीवर

शेवंतीची तोडणी चालली होती. आई वाकलेली होती तशीच, मान वर न करता म्हणाली, "वैशे, मला एकदा धोडप चढायचाय."

मी टोपली खाली ठेवली. आईचं माहेर धोडप किल्ल्याच्या पायथ्याचं, हट्टीचं. आमच्या नाशिकच्या मळ्यापासून एका दिवसात जाऊन येण्यासारखं. तरी तेरा वर्षं ती तिकडे गेली नव्हती. मामानं, म्हणजे तिच्या थोरल्या भावानं, त्याच्या मुलासाठी मला मागितलं होतं. भाची सून करून घ्यायची, ही आमच्याकडची जुनी रीत. मी बारावीला होते आणि मला पुढे भूगोल शिकायचा होता. आमच्याकडून नकार गेला, मामा भरल्या ताटावरून उठला. त्यानंतर राखी नाही, भाऊबीज नाही. वडील गेले तेव्हा आला, पण अंगणातूनच परत गेला.

आज मी कॉलेजात भूगोल शिकवते, सुट्टीला डोंगर चालते आणि आल्यावर इथे लिहिते. जिल्ह्यातले बरेच सुळके पायाखालून गेलेत. धोडप मात्र मी दर वेळी आग्रा रोडवरून बघायचे आणि पुढे जायचे. कारण तुम्हाला आता कळलंच असेल.

"जाऊ की," मी म्हणाले. "पण वाट हट्टीतूनच जाते."

"मला सांगती का? सकाळच्या पारी गावातून वर निघून जायचं. कोण वळखतंय आता!"

२००७चा डिसेंबर होता. नाशिकच्या सीबीएस स्टँडवरून मालेगावकडे जाणारी पहिली गाडी पकडली आणि वडाळीभोईला उतरलो. जाणाऱ्यांसाठी सांगते : फाट्यावर गरम भजी आणि चहा मिळतो, तिथेच पोटभर खाऊन घ्या. पुढे धोडांबेपर्यंत काळीपिवळी जीप मिळते, पण ती भरल्याशिवाय हलत नाही. आम्ही पाऊण तास बसलो. धोडांब्यापासून हट्टी पायी. रस्ता बरा आहे, दोन्ही बाजूंना कांद्याची लावणी चालू होती आणि समोर सगळा वेळ तो डोंगर.

धोडप लांबून ओळखू येतो तो त्याच्या भिंतीमुळे. माथ्यावर पिंडीसारखा उंच कातळ, आणि त्याच्या कुशीतून निघालेली एक सरळसोट काळी भिंत, मध्येच चौकोनी खाच पडलेली. जणू कुणी पाटीचा तुकडा तोडून नेलाय. आई रस्त्यात थांबली. मला वाटलं दम लागला.

"तेवढाच हाय," ती म्हणाली. "मला वाटलं, मी लहान होते म्हणून मोठा दिसत व्हता."

गावात शिरताना तिनं पदर कपाळाच्या खाली ओढला. हापशावर एक बाई पाणी भरत होती.

"कुठल्या वं, बाई?"

"नाशकाच्या," आई म्हणाली आणि चालत राहिली. जन्मगावात स्वतःला परकी म्हणवून घेताना तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही.

हट्टीतून माचीवर जायला रमतगमत दोन तास धरा. मारुतीचं देऊळ, मग झाडी, मग खडकातली वाट. मी आईला काठी आणली होती. ती तिनं पहिल्या चढालाच माझ्या हातात दिली. अठ्ठावन्नाव्या वर्षी ती त्या वाटेला शेळीसारखी भिडली. कुठला दगड हलतो, कुठे वळसा घेतला की पाणी लागतं, सगळं तिच्या पायांना पाठ होतं. माचीवर दोन-चार घरं आहेत. म्हशी पाळतात, खवा करतात. तिथला ताजा खवा घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. आम्ही द्रोणभर खाल्ला. घरातल्या बाईनं आईकडे निरखून बघितलं, पण काही विचारलं नाही.

वरच्या टप्प्याला कातळात कोरलेल्या पायऱ्या आणि दरवाजे लागतात. मग डाव्या हाताला कडा ठेवून जाणारी वाट, देवीची गुहा, थंडगार पाण्याचं टाकं. गुहेत जेवलो. तिथून थोडं पुढे गेलं की भिंतीचा माथा सुरू होतो. रुंदी बैलगाडी जाईल एवढी, पुढे तेवढीही नाही. दोन्हीकडे सरळ दरी. वारा असेल, पावसाळा असेल, तर कृपा करून जाऊ नका.

आम्ही खाचेच्या बऱ्याच अलीकडे बसलो. समोर इखाऱ्याचा सुळका, त्यामागे कांचनचा डोंगर, पश्चिमेला गडामागून गड. मी सवयीनं शिकवायला लागले : इथे पूर्वी जमिनीलाच भेगा पडल्या, त्यांतून लाव्हा वाहिला, थरांवर थर साचले, म्हणून आपले डोंगर असे पायऱ्यापायऱ्यांचे. आणि एका भेगेत लाव्हा आतच थिजला, तो जास्त कठीण झाला. भोवतालचा खडक पावसानं झिजून गेला, हा राहिला.

"म्हंजी ही भिंत नव्हंच? भेग हाय?"

"भेगेत भरलेला दगड."

ती त्या दगडावर हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "भाऊ मला इथं आणायचा. पोरीनं वर जायचं नाय, असं बाप म्हणायचा. हा ऐकायचा नाय. हाताला धरून थेट खाचंपर्यंत न्यायचा."

एवढी वर्षं मनात असलेलं मी तेव्हा बोलून टाकलं. "आई, माझ्यासाठी तू मामाला नाही म्हणालीस. माझ्यामुळे तुझं माहेर तुटलं."

ती खाली हट्टीच्या घरांकडे बघत होती.

"मी कुठं नाय म्हणले? तुझे वडील म्हणले. मी चुलीपाशी व्हते. भाऊला वाटलं, माझाच नकार. मी गप ऱ्हायले."

"तुला विचारलं असतं तर?"

"हो म्हणले असते," आई म्हणाली. "तुला इथं दिली असती तर मला यायला कारण ऱ्हायलं असतं."

माझी आई माझ्या शिक्षणासाठी भावाशी भांडली, ही गोष्ट मी मैत्रिणींना सांगितली होती, वर्गात मुलींनाही सांगितली होती. ती माझ्यावर रागावलेली नव्हती, खंतही करत नव्हती. जे होतं ते सांगत होती. मला तिथून लगेच उतरावंसं वाटलं, आणि तिला तिथून हलवावंसं वाटेना.

उतरलो तेव्हा उन्हं कलली होती. या वेळी आई गावाच्या बाजूनं वळली ती थेट मामाच्या घराकडे. कौलं जाऊन स्लॅब आला होता. दाराला कुलूप, सगळे लावणीला गेलेले. ती ओट्यावर टेकली, बाहेरच्या रांजणातलं पाणी प्यायली, पेला होता तसा पालथा ठेवला.

"चल. गाडी चुकंल."

धोडांब्याच्या रस्त्याला लागलो आणि मागून ट्रॅक्टर आला. पुढे जाऊन थांबला. चालवणारा म्हातारा वळून बघत होता.

"कोण, मंजुळा?"

"हा."

"गडावर गेलती?"

"व्हय."

"गुडघं?"

"ऱ्हायलेत अजून."

मामानं माझ्याकडे बघितलं. "वैशी ना ही? मास्तरीण झाली म्हणं."

"कॉलेजात," आई म्हणाली.

"बसा. वडाळीभोईला सोडतो."

आईला त्यानं हात देऊन मडगार्डवर बसवलं. मी मागे ट्रॉलीत, कांद्याच्या रोपांच्या मातीत. इंजिनाच्या आवाजात काहीच ऐकू येत नव्हतं. मामाचे ओठ एकदा हलले, आईनं मान हलवली, एवढं दिसलं. फाट्यावर त्यानं कागदाच्या पुडीत चुरमुऱ्यांचा भत्ता बांधून आणला आणि तिच्या हातात दिला.

"घरावरून आले," आई म्हणाली. "कुलूप व्हतं."

"कुलूप सांजच्याला उघडतं," मामा म्हणाला आणि ट्रॅक्टरवर चढला.

गाडीत मी विचारलं, "काय म्हणाला मघाशी?"

"कांदा यंदा बरा हाय म्हणला." मग ती खिडकीला डोकं टेकून नाशिक येईपर्यंत डोळे मिटून बसली. झोपली नव्हती.

चालणं म्हणाल तर एका दिवसात आरामात होतं. खर्च म्हणाल तर एसटी, जीप आणि खवा, एवढाच. पिंढऱ्या दोन दिवस दुखल्या. बाकी काय उरलं, ते मला बरेच दिवस कळत नव्हतं.

संक्रांतीच्या दोन दिवस आधी कॉलेजातून आले तर घर बंद. शेजारच्या काकूंनी किल्ली दिली. "भावाकडं गेल्या. सकाळच्याच गाडीनं."

मला सांगितलंही नव्हतं. संध्याकाळी फोन आला. मागे भांड्यांचा आणि पोरांचा आवाज, कुणीतरी मोठ्यानं हसत होतं.

"वैशे, दोन रोज ऱ्हाते मी."

"मी येऊ का?"

"तुला कॉलेज हाय," ती म्हणाली.

"बरं," मी म्हणाले. फोन ठेवला, ताटलीत एकटीपुरते तांदूळ घेतले आणि बराच वेळ निवडत बसले. त्यांत एकही खडा नव्हता.