दोन बरण्या आणि एकादशीचे पाणी

करवीरनिवासिनी आई महालक्ष्मी मुळात समुद्राची लेक. देवदानवांनी सागर घुसळला तेव्हा ती प्रकटली, हे मी आयुष्यभर प्रवचनांतून श्रोत्यांना सांगत आलो. परंतु समुद्राकडची माणसे कधीतरी आपल्याही घरी पाहुणी येतील, हे काही मला सुचले नव्हते. तिच्या चरणी मस्तक ठेवून, मार्गशीर्षातल्या आजच्या गुरुवारी, तिच्या व्रताचा घट मांडून झाल्यावर हे लिहायला बसलो आहे. निमित्त असे, की कोकणातल्या खाडीवरून माझ्या नातीचा निरोप आला: "आजोबा, दोरीवरच्या शिंपल्यांना बी बसलं." ते ऐकून आमच्या सौभाग्यवतींनी देवापुढे साखर ठेवली. ज्या घरात चातुर्मासात वांगेसुद्धा उंबरठा ओलांडत नाही, त्या घरात कालवांना अपत्ये झाल्याची साखर वाटली गेली. हे कसे घडले ते सांगितले पाहिजे.

आमचे घराणे मूळचे खाडीकाठचे. आता आम्ही कोल्हापूरकर. परंतु कुलदैवत तिकडेच आहे, आणि देवळाखालच्या किनाऱ्याची एक चिंचोळी पट्टी अजून घराण्याच्या नावावर आहे. तेथील नारळ आमचे भाऊबंद पाहतात. माझ्या लहानपणी त्या खाडीत उतरले की पायाची नखे दिसत. अलीकडे कुलदैवताच्या दर्शनाला गेलो की तीर्थस्नान मनातल्या मनात उरकतो. वरच्या अंगाला गाव वाढले, त्याची गटारे खाडीत आली. बागांचे खत पावसाबरोबर उतरले. पाणी हिरवे, गढूळ झाले आणि ओहोटीला त्याला वास येऊ लागला.

नात मत्स्यशास्त्र शिकली आणि त्याच गावी जाऊन राहिली. तिच्या मनात आले, की आपल्या पट्टीसमोर, पाण्यात, बांबूचा मांडव घालून कालवं वाढवावीत. कालव म्हणजे खडकाला घट्ट चिकटून राहणारा शिंपल्यातला जीव. जुने शिंपले भोके पाडून दोरीत ओवायचे, मध्ये अंतर ठेवून गाठी मारायच्या आणि त्या माळा मांडवाखाली पाण्यात सोडायच्या. पाण्यात तरंगणारे कालवाचे पिल्लू बसायला जागा शोधत असते. ते त्या शिंपल्यावर ठाण मांडते आणि तेथेच वाढते; यालाच बी बसणे म्हणतात.

"म्हणजे जपमाळच की," मी म्हणालो होतो.

"हो. फक्त ही माळ ओढायची नाही, लोंबती ठेवायची," ती म्हणाली होती.

भाऊबंदांनी तिला एकच अट घातली: कोल्हापूरचे दादा हो म्हणाले तर आमची ना नाही. मी ना म्हणालो नाही. मी म्हणालो, "विचार करतो." घरातल्यांना ठाऊक आहे, की माझा विचार हा एक स्वतंत्र ऋतू असतो. चातुर्मास संपू दे, असेही मी सांगितले. इकडे बी बसायचा हंगाम निसटत होता; या पंधरवड्यात माळा पाण्यात गेल्या नाहीत, तर पोरीचे वर्ष वाया. आणि चातुर्मास एकदाचा संपलाच. पुढच्या एकादशीच्या आदल्या संध्याकाळी ती बसमधून उतरून दारात उभी राहिली, हातात झाकणाची बादली आणि बगलेत पाण्याचा कॅन.

सौभाग्यवतींनी बादलीत डोकावून पाहिले. "स्वयंपाकघरात नाही हं," एवढेच त्या म्हणाल्या. पाहुण्यांची सोय मागच्या व्हरांड्यात झाली.

तिने लोणच्याच्या दोन मोठ्या काचेच्या बरण्या मागून घेतल्या, दोहोंत खाडीचे तेच हिरवे पाणी भरले आणि एकीत ती खडबडीत, दगडासारखी कालवं ठेवली. दुसरी नुसतीच. मला म्हणाली, "आजोबा, तुम्हांला प्रमाणाशिवाय पटत नाही ना? सकाळी प्रत्यक्ष बघा. ही खातात ते पाण्यातलं शेवाळ. पाणी आत ओढतात, गाळतात, हवं ते पोटात घेतात, नको ते लहान गोळ्या करून तळाला टाकतात." प्रवासाने ती दमली होती. जेवून झोपली.

आता आमच्या घराचा एक नेम सांगणे भाग आहे. शिळे पाणी पहाटेनंतर घरात राहत नाही. घागर, तांब्या, बादली, सर्व रिकामे करून घासायचे आणि नळाला पाणी आले की ताजे भरायचे. एकादशीला तर कटाक्षाने. हे काम मी स्वतः करतो, मौनात करतो, आणि चष्मा लावण्याआधी करतो.

उजाडल्यावर नात डोळे चोळत व्हरांड्यात आली. तिचा आनंदाचा चीत्कार मी देवघरात ऐकला.

"आजी, बघ तरी! केवढं स्वच्छ! आरपार दिसतंय!"

मग ती दुसऱ्या बरणीकडे वळली. मग म्हणाली, "पण दुसऱ्या बरणीत तर कालवं नव्हतीच. ती कशी स्वच्छ झाली?"

माझे मौन तोवर सुटले होते. मी म्हणालो, "ती मी केली."

"म्हणजे?"

"दोन्ही मीच केल्या. घासूनपुसून. पाहुणेही धुऊन पुन्हा आत ठेवले. त्यांच्यावर तुळशीपत्रही ठेवले आहे."

सौभाग्यवती हळूच म्हणाल्या, "अहो, तुम्ही ओतलंत तेव्हा एका बरणीतलं पाणी निवळल्यासारखं वाटलं होतं मला खरं. पण तुम्हांला मौन होतं, मग मीही बोलले नाही."

असे हे आमचे पतिव्रताधर्माचे पालन. ज्या प्रमाणाची मी वाट पाहत होतो, ते मीच पहाटे ओतून दिले होते, आणि घरातल्या एकमेव साक्षीदाराने तोंड मिटून घेतले होते.

कुंपणापलीकडून शेजारी हे सर्व ऐकत होते. शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत त्यांची नोकरी झाली. तेथील यंत्रांवर आवाज चढवायची सवय अजून सुटलेली नाही. निवृत्तीनंतर त्यांनी दोन म्हशी पाळल्या आहेत. ते तेथूनच गरजले, "मग प्रश्नच मिटला की ताई! कालवं ठेवा हितंच, आनि गुरुजींनाच सोडा खाडीत! एका पहाटंत धुऊन काढत्याल!"

नात हसली नाही. ती बरणीपाशी वाकली होती. "हे नळाचं पाणी आहे. गोडं. यांना खारं लागतं, आजोबा. गोड्यात राहिली तर जातील."

एकादशीच्या दिवशी, तुळशीपत्र ठेवून, मी जीवहत्या केली होती की काय? "गेली का गं?" मी विचारले.

"सगळी मिटलेली आहेत. हे चांगलं. मेलेलं कालव उघडं पडतं. नको ते पाणी आलं की शहाणं कालव दार लावून घेतं आणि वाट बघतं."

"तुमच्यासारखंच," सौभाग्यवती मला म्हणाल्या. "नको तो विषय निघाला की दार बंद. विचार करतो म्हणे."

खारे पाणी करायला मीठ हवे होते. एकादशीमुळे हाताशी सैंधवाची डबी तेवढी होती, आणि तेवढ्याने खाडी होत नाही. शेजारी म्हशींसाठी ठेवलेल्या खड्या मिठाची पिशवी घेऊन आले. मीठ मिळाले तरी हिरवे पाणी कोठून आणावे? "हाय की! आमचा हौद कशाला हाय?" असे म्हणून त्यांनी म्हशींच्या हौदातले शेवाळाचे पाणी बादलीभर आणून दिले. आपला हौद शास्त्राच्या कामी आला, याचे त्यांना अपार कौतुक वाटले. नातीने मीठ विरघळवले, चव घेऊन पाहिली, पुन्हा घातले, आणि दोन्ही बरण्या पूर्वीसारख्या भरल्या.

"पावणं उठलं का?" शेजारी दर थोड्या वेळाने विचारत. पाहुणे उठत नव्हते. माध्यान्ह झाली तरी दारे बंद.

मी माळ घेऊन समोर बसलो. नात शेजारी बसली. मी तिला म्हणालो, "तुला निदान एवढे तरी मान्य आहे ना, की मीही पाणी स्वच्छ केले?"

"आजोबा, तुम्ही ते हिरवं पाणी कुठं ओतलंत?"

"मोरीत."

"मोरीतून?"

"गटारात."

"आणि गटारातून?"

आमच्या भागातले गटार कोठे जाते ते कोल्हापुरात प्रत्येकाला ठाऊक आहे. उन्हाळ्यात पंचगंगेवर जलपर्णीची हिरवी चादर पसरते तेव्हा मी नाकाला उपरणे लावून इतरांना दोष देतो.

"तुम्ही बरणी स्वच्छ केलीत," ती म्हणाली, "पाणी नाही. ते पुढच्याकडे पाठवलंत. ही कालवं आहेत ना, ही कुठं पाठवत नाहीत. जिथं आहेत तिथंच बसून पोटात घेतात." मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून तिने माझा गुडघा दाबला. "तुम्ही एकटेच नाही हो. सगळं गाव तेच करतं. भक्तिभावानं."

मी जुन्या सवयीने तिची परीक्षा घेऊ लागलो. मग पंचगंगेतही ही सोडता येतील का? नाही, गोड्या नदीचे शिंपले निराळे. सर्व मळ ही गाळतील का? नाही, गटारे थांबवावीच लागतील, विषारी रसायनांपुढे ती काहीच करू शकत नाहीत, उलट तीच आजारतात. परंतु शेवाळ कमी झाले, तर सूर्यप्रकाश तळाशी पोहोचेल. एकावर एक शिंपले चढले, की त्यांच्या फटींत खेकडे, कोळंबी, माशांची पिल्ले आसरा घेतील. लाटेचा मार काठाला कमी बसेल. तिने एकही गोष्ट फुगवून सांगितली नाही. वादात असा प्रतिपक्षी मिळाला की मला आनंद होतो आणि थोडी भीतीही वाटते.

कुंपणावरून आवाज आला, "आनि खायची कवा? रस्सा झक्कास हुईल की ओ!"

"ही खायची नाहीत, काका. घाण पाण्यातलं कालव घाणही पोटात ठेवतं. खाल्लं तर माणूस आजारी पडेल."

"खायचं न्हाय, मग पाळायचं कशाला?" त्यांचा रस एकदम उतरला.

येथे मला सुटकेची वाट दिसली. खायची नाहीत म्हणजे हिंसा नाही. माझा होकार अगदी सोपा. मी तोंड उघडणार, तोच ती म्हणाली, "थांबा आजोबा. पाणी सुधारलं, तपासणीत निभावलं, तर पुढे मी विकणार आहे. लोक खाणार आहेत. हे लपवून तुमच्याकडून हो घ्यायचं नाही मला."

सौभाग्यवती उपासाची भगर निवडत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "देवघरातला शंख कुठून आला म्हणे? त्यातही कुणी राहत होतंच की. पूजेला चालतो ना?"

मी शंखाचे शास्त्र सांगणार होतो. परंतु तेवढ्यात नातीने माझा हात धरला. "हलू नका. सावली पडली तर मिटेल."

बरणीतल्या एका कालवाने शिंपला नखभर उघडला होता. त्या फटीत काहीतरी फिकट, झालरीसारखे होते. मी श्वास रोखला. प्राणायामाचा एवढा उपयोग मला पूर्वी क्वचितच झाला असेल. मग शेजारचे उघडले. मग त्यामागचे. कुंपणावर शेजारी चक्क कुजबुजले, "उठलं, उठलं!" त्यांना कुजबुजता येते, हे आम्हांला त्या दिवशी कळले.

सांजवेळी सौभाग्यवतींनी तुळशीपाशी दिवा लावला. मी व्हरांड्यात बसल्या जागेवरून बरण्यांतून त्याकडे पाहिले, या वेळी चष्मा लावून. एका बरणीतून नुसता हिरवट उजेड कळत होता. दुसरीतून ज्योत दिसली, वातीसकट. तळाशी काळपट गाळ शांत बसला होता. कोणी काही ओतले नव्हते, कोठे पाठवले नव्हते.

मी त्याच वेळी भाऊबंदांना फोन लावायला घेतला. नातीला म्हणालो, "तू विकशील, मी खाणार नाही. माझा नेम माझ्यापाशी, तुझा धंदा तुझ्यापाशी. फक्त खाडी सुधारेपर्यंत एकही विकायचे नाही, हा शब्द कुलदैवतापुढे दे." तिने दिला. फोनवर चुलतभाऊ म्हणाले, "दादा, विचार करून सांगताय ना?" मी म्हणालो, "अगदी मिटेपर्यंत विचार केला. आता उघडलो आहे." त्यांना काही कळले नाही. सौभाग्यवतींना कळले, त्या पदराआड हसल्या.

सकाळी पाहुणे बादलीत बसून बसने परत गेले. जाताना नातीने दोन्ही बरण्यांतले पाणी मोरीत ओतू दिले नाही. रिकामी बादली मागून ते शेजाऱ्यांच्या परड्यातल्या नारळाच्या बुंध्यात नेऊन घातले. नारळाला खारे सोसते म्हणे. तेव्हापासून मी शिळे पाणी पहाटे काढतो, नेम मोडलेला नाही. परंतु ते मोरीऐवजी झाडांना जाते. तुळस आधीच डवरली आहे आणि शेजारी म्हणतात, गुरुजींनी आता स्वतःच गाळायचं काम धरलंय.

आणि आज बी बसल्याचा निरोप आला. पिल्ले म्हणे अजून तांदळाच्या कणीएवढी आहेत. खाडी अजून हिरवीच आहे. पायाची नखे तिच्यात मला दिसतील की माझ्या नातीच्या नातवंडांना, ते आई जाणे.

वाचकहो, समुद्रकन्या तुमच्या घरी नांदो. तुमच्या अंगणातले झाड तुमच्या सांडपाण्यावर पोसो, तुमच्या दारावरून जाणारा ओहळ पुढच्या दारी निर्मळ पोहोचो, आणि तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना, योग्य पाणी मिळताच, वेळेवर उघडण्याची बुद्धी होवो.