हिंमतरावांच्या मोटारीवरचे फोड

मलकापूरच्या स्टेशनामागे, जिथे रुईच्या गाठी उतरवायला बैलबंड्यांची रांग लागे, तिथे शालिग्रामची पत्र्याची शेड होती. तो मूळचा देऊळगाव राजाचा. बाप वांगी-मिरच्या पिकवायचा. याला मळ्यात करमलं नाही. आधी दमण्या, म्हणजे बैलांच्या हलक्या गाड्या रंगवल्या, मग टांगे, आणि वऱ्हाडात मोटारी फिरू लागल्या तशा मोटारी. अंगानं पैलवान, डोक्यानं भडक. ओल्या रंगाला हात लावला म्हणून एका गाडीवानाचे पुढचे दात त्यानं पाडले होते. त्याची बायको अन्नपूर्णा, तिच्या भुवईवर एक खोक होती, तीही त्याच्याच हातची. तो भला माणूस आहे असं कोणी म्हणत नसे. रंग चांगला देतो, एवढं म्हणत.

सदतीसच्या निवडणुका होऊन गेल्या होत्या. त्या उन्हाळ्यात जानेफळचे मोठे जमीनदार हिंमतराव यांनी अकोल्याच्या एका वकिलाकडून जुनी मोटार घेतली आणि लेकीच्या लग्नासाठी ती शालिग्रामकडून रंगवून घेतली. त्यानं जुना काळा रंग खरवडला, गंज धरू नये म्हणून पत्र्याला शेंदराचा हात दिला आणि वर जवसाच्या तेलातला किरमिजी रंग चढवला. वरात त्याच मोटारीतून निघाली. पोळ्याच्या सुमारास निरोप आला: रंग उठला, ताबडतोब ये.

शालिग्राम जानेफळला पोचला तेव्हा हिंमतरावांच्या अंगणात बरीच माणसं उभी होती. बंडीच्या चाकाला एक माणूस पालथा बांधलेला होता. सदरा फाटून कमरेला लोंबत होता आणि पाठीची सालटी निघाली होती. तो हिंमतरावांचा ड्रायव्हर, कडूबा. हिंमतराव ओट्यावर बसले होते आणि त्यांच्या मांडीवर चाबूक होता. दोन रखवालदार काठ्या घेऊन बाजूला उभे होते.

"ये," हिंमतराव म्हणाले. "मांगच्या महिन्यात याच्या कानाखाली वाजवली, त्याचा राग काढला यानं. बॅटरीचं तेजाब फेकलं मोटारीवर. कबूल करत नाई. तू पाह्य अन् सांग."

"अन् तेजाब नसन तं?"

"तं तू सडका रंग लावला. तुमा दोघातला एक चोर हाय. बोल कोन ते."

शालिग्रामनं मोटारीला एक फेरी मारली. उजवी बाजू आरशासारखी होती. बॉनेटही चांगलं. डावीकडे मात्र मडगार्डपासून दाराच्या कडीपर्यंत फोडच फोड, भाजलेल्या कातडीसारखे. मध्येमध्ये रंग चिकट होऊन खाली ओघळला होता. त्यानं खिशातून खरवडायची पातळ सुरी काढली आणि एक फोड उघडला. खालचा पत्रा स्वच्छ होता. तेजाब पडलं असतं तर पत्र्याला खड्डे पडले असते, आणि जिथून ओघळलं तिथे रेघा उमटल्या असत्या. तसं काही नव्हतं. बोट थुंकीनं ओलं करून त्यानं रंगावर घासलं. बोट बुळबुळीत झालं, थोडा फेसही आला. तेलातल्या रंगाला खार लागला की त्याचा असा साबण होतो, हे त्यानं टांग्यांवर पाहिलं होतं. बोट नाकाशी नेलं आणि त्याला सगळं कळलं.

तो चाकाजवळ जाऊन कडूबाशेजारी बसला. "मोटार कुठं ठेवत होता बे?"

कडूबाचे ओठ सुजले होते. "गोठ्यात. बैलायच्या जवळ. मी नाई म्हनत होतो. मालक म्हने, बाहेर ठेवली तं तू घेऊन पयशीन."

शालिग्राम उठला. पुढे अन्नपूर्णेला त्यानं सांगितलं की त्या क्षणी 'तेजाब' हा शब्द त्याच्या जिभेवर येऊन बसला होता. तेवढं बोलला असता तर दुपारच्या गाडीनं घरी आला असता. कडूबा त्याचा कोणी नव्हता.

"तेजाब नाई, पाटील," तो म्हणाला. "बैलाचं मूत हाय. पावसाळा लागल्यापासून तुमी मोटार गोठ्यात कोंडली. बैलायनं एकीकून मुतलं, रंग एकीकूनच गेला."

गर्दीत कोणीतरी फिसकन हसलं. नुसतं ऐकून हिंमतरावांनी कदाचित सोडून दिलं असतं. ते हसणं त्यांना सोसलं नाही. ते ओट्यावरून उतरले आणि चाबकाची मूठ त्यांनी शालिग्रामच्या तोंडावर हाणली. ओठ फुटला. शालिग्रामनं रक्त थुंकलं, पण हिंमतरावांकडे वळला नाही. हातातल्या सुरीनं त्यानं कडूबाच्या एका हाताचा दोर कापला. दुसरा दोर अर्धा कापला, तोवर रखवालदारांच्या काठ्या त्याच्या पाठीत बसल्या. मग तो वळला. एकाचं डोकं त्यानं मडगार्डावर आपटलं, हिंमतरावांना मानेला धरून जमिनीवर लोळवलं, आणि त्यांच्या छातीवर गुडघा देऊन बुक्क्या घालू लागला. तो थांबला नसता. दुसऱ्या रखवालदाराची काठी त्याच्या डोक्यात बसली तेव्हाच तो कोसळला.

"दार उघड मोटारीचं," हिंमतराव धापा टाकत म्हणाले. "हात धर याचा. उजवा."

रखवालदारानं पंजा दाराच्या चौकटीत धरला. हिंमतरावांनी दार लोटलं. हाड मोडल्याचा आवाज ओट्यापर्यंत गेला. त्यांनी दार उघडून पुन्हा लोटलं. शालिग्राम जनावरासारखा ओरडला. अंगणात सगळं गाव होतं आणि कोणीही पुढे आलं नाही.

आला तो कडूबा. अर्धा कापलेला दोर त्यानं हिसडा देऊन तोडला होता. मोटारीत पडलेलं, इंजिन फिरवायचं लोखंडी हँडल त्यानं उचललं आणि रखवालदाराच्या गुडघ्यावर घातलं. दुसरा घाव हिंमतरावांच्या खांद्यावर बसला. ते बसकण मारून खाली बसले. "सरका! जो येईन त्याचं टाळकं फोडीन!" कडूबा ओरडला. लोक मागे हटले. त्यानं शालिग्रामला ओढून मागच्या सीटवर टाकलं, तेच हँडल पुढून लावून मोटार चालू केली आणि फाटक मोडून बाहेर काढली. मेहकरच्या रस्त्यावर उघड्या पाठीला वारा झोंबत होता. तो ओरडत होता आणि गाडी चालवत होता.

मेहकरच्या डॉक्टरांनी शालिग्रामची तर्जनी आणि मधलं बोट काढून टाकलं. कडूबानं मोटार पोलीस ठाण्यासमोर उभी केली आणि तो स्वतःच आत गेला. त्याला वाटलं, पाठ दाखवली की पुरे. हिंमतरावांनी त्याच्यावर मोटारचोरीची आणि मारहाणीची फिर्याद दिली. अंगणात उभ्या असलेल्या गावकऱ्यांपैकी एकानंही साक्ष दिली नाही. रखवालदार कायमचा लंगडा झाला होता, ते कोर्टाला दिसलं. कडूबाला सक्तमजुरी झाली, त्याला चाबकानं मारल्याबद्दल हिंमतराव किरकोळ दंडावर सुटले.

शालिग्राम कितीतरी दिवस शेडमध्ये नुसता बसून राहिला. डाव्या हातानं सपाट रंग जमू लागला, पण लॉरीच्या कडेनं जी बारीक पिवळी रेघ ओढायची, ती वाकडीच जाई. एकदा चिडून त्यानं रंगाचा डबा अन्नपूर्णेवर फेकला. तिनं तो चुकवला, खाली पडलेला ब्रश उचलला आणि रांगोळीची सवय असलेल्या हातानं लॉरीवर एका दमात रेघ ओढली. सरळ.

"काय पाहून राह्यले?" ती म्हणाली. "दुसरा डबा द्या."

त्यानंतर मलकापूरच्या लॉऱ्यांवरच्या रेघा तीच ओढू लागली. स्टेशनावरचे हमाल आधी हसले. मग त्यांनाही सवय झाली. शालिग्रामनं तिच्यावर पुन्हा हात उचलला की नाही, हे तिनं कधी कोणाला सांगितलं नाही.

कडूबा सुटल्यावर जानेफळला गेला नाही. तो सरळ शेडमध्ये आला. अन्नपूर्णेनं त्याच्यापुढे भाकरी आणि ठेचा ठेवला. शालिग्रामनं सदरा वर करायला लावून त्याची पाठ पाहिली. वळ काळे पडून जाड झाले होते.

"दुखते का?"

"उन्हात खाजवते. तुमचा हात?"

"थंडीत ठनकते."

पुढे कडूबा मलकापूर–बुलढाणा मोटार चालवू लागला आणि मुक्काम असला की याच शेडमध्ये झोपे.