एमबीएचा कौल

आमोण्याला नदीकाठी आमची कचेरी आहे. खनिज वाहणाऱ्या बार्जी आम्ही भाड्याने देतो. तिथल्या व्यवस्थापकांना निवृत्त होऊन चार वर्षं झाली आणि तेव्हापासून मी प्रभारी आहे. दुरुस्ती, खलाशांचे पगार, परवाने, डिझेल, सगळं माझ्याकडे. फक्त दारावरच्या पाटीवर आणि पगारपत्रकात माझा हुद्दा जुनाच. यंदा पावसाळ्यात मालक म्हणाले, "बाई, असं किती दिवस चालवायचं? गणपतीची चवथ झाली की जाहिरात देऊ. चांगला माणूस बघू. मसुदा तेवढा करून ठेवा."

मी मसुदा केला. पात्रतेच्या जागी काहीतरी भारदस्त हवं, म्हणून 'एमबीए' टाकलं. सगळ्याच जाहिरातींत असतं. टाइप करून, छापून, फायलीला लावल्यावर लक्षात आलं, की ही पात्रता माझ्याकडे नाही.

दुसऱ्या कुणी फाइल उघडून तो शब्द खोडला असता. मी शिस्तीची बाई. मी एमबीए करावं की नाही, याचा विचार करायला घेतला.

पणजीत एका संस्थेचा शनिवार-रविवारचा दोन वर्षांचा वर्ग निघत होता. अर्जात 'शिक्षण चालू' एवढं लिहिता आलं तरी पुरेल, असा माझा हिशोब. माहिती द्यायला त्यांनी एका शनिवारी बोलावलं. सर्वणच्या घरून डिचोली, डिचोलीहून पणजी, पुढे आणखी एक बस, अशी मी वेळेआधी पोचले. पंचविशीतला एक प्राध्यापक बऱ्याच उशिरा आला आणि त्याने आम्हाला वेळेचं नियोजन समजावलं. पडद्यावर कामांचे चार चौकोन काढले: तातडीची, बिनतातडीची, महत्त्वाची, बिनमहत्त्वाची. आमच्याकडे भर नदीत बार्जीचं इंजिन बंद पडलं की चारही चौकोन एकदम भरतात. पण प्रश्नांसाठी वेळ उरला नव्हता. मी नाव नोंदवून आले आणि रात्री फोनवर आईला सगळं सांगितलं.

घरी एका कागदाच्या दोन बाजू केल्या. फायदे आणि तोटे. नवरा उदार मनाने म्हणाला, "शीक की. मी कुठे अडवतोय? शनिवारचा बाजार, रविवारी माझी बहीण येते तिचं जेवण आणि बाबांचा डॉक्टर, एवढं फक्त वेळापत्रकात बसव." ते बसवून पाहिलं. मग फीचा आकडा पाहिला आणि तोट्यांच्या बाजूला दुसरा कागद जोडावा लागला.

निर्णय झाला: नाही. म्हणजे चवथीनंतर नवा माणूस येणार, कुठल्या बार्जीचा पंप कधी दगा देतो इथपासून सगळं मी त्याला शिकवणार आणि मग त्याच्याच सह्यांसाठी कागद घेऊन उभी राहणार. हे स्पष्ट दिसल्यावर मी कागदाची घडी घालून ठेवून दिली.

तेवढ्यात माहेरून, पेडण्याहून वहिनीचा फोन. "वन्सं, अभिनंदन! सासूबाईंनी तुमच्या एमबीएचा कौल लावला. देवाने उजवा दिला. भर देवळात. आता सुटका नाही तुमची."

आमच्याकडे देवाच्या मूर्तीवर ओल्या पाकळ्या चिकटवून प्रश्न विचारतात. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. घरची विहीर अशीच खणली, भावाचं लग्न असंच ठरलं. मिळालेला कौल मोडायचा म्हणजे पुन्हा जाऊन देवाकडे रीतसर मोकळीक मागायची. फायदे-तोट्यांच्या माझ्या कागदात देवाला रकानाच नव्हता. रविवारी मी आईला घेऊन देवळात गेले.

गुरवाने पाकळ्या भिजवल्या. "मोकळीक मागूची तर आधीचो प्रश्न जसोच्या तसो सांगूक व्हयो. देवाक अर्धवट चलना नाय."

आईने पदर सावरला. "मी ह्यांच इचारलंय, माझ्या चेडवाक ती मोठी खुर्ची गावतली काय?"

"आणि एमबीए?" मी विचारलं.

"तां माका म्हणूक तरी येता काय? देवाक कसां सांगतलंय?"

गुरवाने पाकळ्या परत तबकात ठेवल्या. "मगे मोकळीक कसली? शिकूक देवान सांगलानच नाय."

"पण मालकान काय म्हटल्यान?" आईने मला विचारलं.

"मालकांना मी विचारलेलं नाही."

"इचारूकच नाय? अगो, मगे माका हय देवाक त्रास दिवक कित्याक लायलंस?"

"मी कुठे लावलं? तूच परस्पर..."

मागे नारळ घेऊन उभी असलेली बाई कंटाळली होती. "आवय-चेडवाचां भांडण घराकडे चलांदेत. माका म्हशीचां इचारूचां आसा."

आम्ही बाजूला झालो.

एरवी मालकांकडे जाताना मी मुद्दे लिहून नेते. सोमवारी मुद्दा एकच होता. फाइल त्यांच्यासमोर ठेवली आणि म्हटलं, "ही जागा मला हवी आहे."

मालकांनी चष्मा काढला. "तुम्हाला? मग इतकी वर्षं बोलला नाहीत ते! घरी आम्ही म्हणायचो, बाईंना प्रभारीच बरं पडतं. जबाबदारी नको असेल."

त्या क्षणी माझ्या हातात तीन बार्जींचे परवाने आणि कचेरीच्या सगळ्या किल्ल्या होत्या.

त्यांनी मसुदा वाचला. "आणि हे एमबीए कुणी घातलं?"

"मी."

"कशाला? माझ्याकडे तरी आहे?" त्यांनी पूर्ण पानावर तिरकी रेघ मारली. "पाटी करून घ्या. पगाराचं चवथीनंतर बघू."

दुपारी पणजीच्या संस्थेला फोन करून नाव काढायला सांगितलं. पलीकडच्या मुलीला संगणकात कारण भरायचं होतं. फी, अंतर, तब्येत आणि कौटुंबिक अडचण, एवढेच पर्याय होते.

"गरज उरली नाही," मी म्हटलं.

"तसं नाहीये यात, मॅडम." तिने आपणहून कौटुंबिक अडचण निवडली आणि आवाज उतरवून म्हणाली, "घरचे ऐकत नाहीत ना? माझ्याही आईला पटत नव्हतं."

माझ्या आईला काय पटलं होतं ते सांगायचं, तर पाकळ्यांपासून सुरुवात करावी लागली असती. मी "हो" म्हटलं, फोन ठेवला आणि पाटी रंगवणाऱ्याला लावला.