सावडीतला माझा दिवस
१२ जुलै. काल तांदळाला एरंडेल चोळायला बसले आणि पोतं उघडताच गावच्या भाताचा वास आला. पेठकडच्या आमच्या गावात आवणी, भातरोपांची लावणी, सावडीनं व्हायची, म्हणजे आज सगळ्याजणी एकीच्या खाचरात, उद्या दुसरीच्या, आणि दिवसाची फेड दिवसानं. नाशिकला नोकरी लागली त्याच्या पुढच्या वर्षी मी रजा काढून आवणीला गेले. त्या दिवशी पाळी चुलतीची होती. साडी खोचून आईशेजारी चिखलात उतरले. गुडघ्यापर्यंतच्या त्या गार चिखलाची मला वर्षभर आठवण येत होती. रोपांची मूठ सोडते तोच चुलतीने ती हातातून काढून घेतली. म्हणाली, "तुझा दिवस घेतला तर फेडायचा कुठं, बाय? तुझ्या हापिसात?" सगळ्या हसल्या. मी म्हटलं, "फेडू नका." "फुकट कोणाला राबवत नाय आम्ही. पाहुणी हाय तू, बांधावर बस." मी इरलं घेऊन बांधावर बसले. वाकलेल्या बायकांची रांग मागे सरकत होती आणि त्यांच्यापुढे खाचर हिरवं होत होतं. आईशेजारची माझी जागा त्यांनी जवळ सरकून केव्हाच भरून टाकली होती. त्याला आता बारा-तेरा वर्षं झाली. तांदूळ डब्यात भरले, स्वयंपाक केला, तरी ती रांग डोळ्यांपुढून हलेना. आज सकाळी चुलतीला फोन लावला, तिची आवणी कधी ते विचारलं आणि सांगितलं, "गुरुवारी येते. दिवस हिशोबात धरू नका, पण रांगेत उभी करा."