बायको, वय वीस

कार्यशाळेच्या पहिल्याच रविवारी सरांनी सगळ्यांना एक छापील तक्ता दिला आणि सांगितलं, मुलींना यात घ्यायचं नाही, त्या दुसऱ्या घरच्या. बायकोसाठी नवऱ्याच्या शेजारी एक बारकी चौकट आहे, नाव माहीत असेल तर लिहा, नसेल तर रेघ मारा आणि वर सरका. मी साठीची बाई, भिंगारहून रिक्षा करून, फी भरून हे ऐकायला आले होते का? पण पहिला दिवस होता. म्हटलं, तोंड आवर, आधी ऐकून घे.

नगरात एका वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये हे वर्ग भरायचे. पाच रविवार, विषय काय तर आपली वंशावळ आपण कशी शोधावी. बहुतेक पुरुषच. कुणाला जातीच्या दाखल्यासाठी पणजोबांची नोंद हवी होती, कुणाला आपलं घराणं किती जुनं ते व्याह्यांना दाखवायचं होतं. मला एकच नाव हवं होतं. माझ्या आईच्या आईचं.

माझी आई ऐंशीच्या पुढे आहे. ती दीड वर्षाची असताना तिची आई गेली आणि वर्षाच्या आत वडिलांनी दुसरं लग्न केलं. आमच्याकडे दुसरीने पहिलीचा टाक गळ्यात घालायची रीत. टाक म्हणजे चांदीचा नखाएवढा पत्रा, त्यावर एक बाई उठवलेली. तो घातला की मेलेली सवत शांत राहते म्हणे. आणि तिचं नाव घरात कुणी घ्यायचं नाही, घेतलं की ती येते. आईला लहानपणी सावत्र आईच्या गळ्यातला तो पत्रा दाखवून सांगितलं होतं, ही तुझी आई, पाया पड. नाव विचारलं की पाठीत धपाटा. पुढे विचारणंच सुटलं.

पितृपंधरवड्यात नवमीला आई तिच्यासाठी सवाष्ण जेवू घालते. पान वाढताना नाव घ्यायचं असतं, आणि आई दरवर्षी तिथेच अडते. मागच्या खेपेला सवाष्ण गेल्यावर मला म्हणाली, "मी गेले की तिची आठवण काढणारंही कुणी उरायचं नाही. नाव तरी शोध गं, तेवढं कळून जाऊ दे मला." तिने माझ्याकडे आयुष्यात दुसरं काही मागितलेलं मला आठवत नाही. म्हणून मी त्या वर्गाला गेले.

सर शिकवायचे मात्र झकास, ते कबूल करते. सरकारी अभिलेख कक्षात त्यांची सगळी नोकरी झालेली. कुठला कागद कुठल्या कपाटात असतो ते त्यांना पाठ. आधी शाळेच्या दाखल्यावरून जन्माचं साल धरायचं, मग गावाचं कोतवाल बुक काढायचं, कारण गावातले जन्म आणि मृत्यू कोतवाल त्यात नोंदवायचा. जुनी पानं मोडीत असतात म्हणून दोन रविवार मोडी अक्षरं गिरवून घेतली. मी रोज दुपारी आईच्या शेजारी बसून गिरवायचे. ती विचारायची, आलं का वाचता? मी म्हणायचे, येईल.

आलं वाचता. तहसील कचेरीत अर्ज केला, तीन हेलपाटे घातले आणि एकदाची त्या पानाची नक्कल हातात पडली. तिथल्याच बाकावर बसून एकेक अक्षर लावलं. आईच्या वडिलांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, आडनाव, आणि पुढे, बायको, वय वीस, ताप. संपलं. मी पान उलटसुलट करून पाहिलं. त्याच पानावर सहा महिन्यांचा एक मुलगा होता, त्याला त्याचं नाव होतं, बापाचं होतं, आज्याचंही होतं. आणि वीस वर्षं जगून, एक पोर जन्माला घालून मेलेली ही बाई नुसती बायको. नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये मी तीस वर्षं काढली. तिथे बोल्टाचं सुद्धा वेगळं कार्ड असायचं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पुढच्या रविवारी सरांनी तो कागद पाहिला आणि शांतपणे म्हणाले, "ठीक आहे, तिथे रेघ मारा. आपण वडिलांच्या बाजूने वर जाऊ."

मी उभी राहिले. म्हटलं, "सर, मला वर जायचंच नाहीये. मी त्या रेघेसाठीच आलेय. तुमच्या तक्त्यात अकरा पिढ्या बसतात, त्या अकरा जणांना जन्म कुणी दिला? आकाशातून पडले का ते?" मागून कुणीतरी हसलं, त्यालाही मी सोडलं नाही, त्याला त्याच्या आजीच्या आईचं नाव विचारलं. त्याने मोबाईलमध्ये डोकं घातलं. सर थोडे ओशाळले. म्हणाले, "ताई, बसा. घरातल्या जुन्या माणसांकडे चौकशी केलीत का? कागदाआधी माणूस गाठायचा असतो."

जुनं माणूस म्हणजे मामा. सावत्र आईचा मुलगा, आईहून चार-पाच वर्षांनी लहान. राहुरीकडे शेती आहे, तिथेच असतो. मी गेले, त्याने ओसरीवर खुर्ची टाकली, मामीने चहा दिला, सगळं व्यवस्थित. मग मी पिशवीतून तक्ता आणि कोतवाल बुकाची नक्कल काढली आणि त्याचा चेहराच उतरला.

"हे कागद कशापायी काढलेस?" तो म्हणाला.

"नाव हवंय मामा. आईला तिच्या आईचं."

"इतक्या वर्सांनी? हिश्श्याचं काय मनात हाय का तुमच्या?"

मला आधी कळलंच नाही तो काय म्हणतोय ते. मग कळलं. बहीण माहेरचे कागद मागायला लागली की तिला जमीनच हवी असणार, दुसरं काय हवं असणार तिला! मी म्हटलं, "मामा, तुझी ढेकळं तुला लखलाभ. मला एक नाव दे, मी उठते."

"ठावं न्हाई मला," मामा म्हणाला. "आन आक्कानं तवाच सही दिलेली हाय. तलाठ्याकडं समदं रीतसर झालंय. तो इषय कवाच मिटला."

येताना मामीने कणसं दिली, ती मी तिथेच ओट्यावर ठेवून आले. लेक म्हणून वाढलेल्या माझ्या आईला त्या घराने एका वाक्यात दावेदार करून टाकलं होतं. एसटीत मला रडू आलं ते रागाने.

घरी येऊन आईला विचारलं, कसली सही? ती म्हणाली, "असेल. वडील गेल्यावर आला होता तो कागद घेऊन. मी दिली." मी हे शेवटच्या रविवारी सरांना सांगितलं. आदल्या खेपेच्या भांडणानंतर मला वाटलं होतं ते टाळतील. पण ते सरसावून बसले. म्हणाले, "वारस लावल्याचा फेरफार काढा आणि त्याला जोडलेलं प्रतिज्ञापत्र मागा. दोन लग्नं असली की कुठलं मूल कुठल्या बायकोचं ते तिथे लिहून द्यावं लागतं. नावानिशी." मग जरा थांबून म्हणाले, "पुढच्या वर्गापासून तक्ता बदलतो मी." बदलला असेल तर चांगलंच आहे. मी पाहायला गेले नाही.

प्रतिज्ञापत्र मिळालं. एकाच पानाचं, स्वच्छ बाळबोध अक्षरात. मयत खातेदाराची पहिली पत्नी, मयत, आणि तिचं नाव. तिच्यापासून झालेली मुलगी एक, म्हणजे माझी आई. दुसरी पत्नी हयात, तिच्यापासून मुलगा एक. हे सगळं सत्य आहे म्हणून खाली मामाची सही. ठावं न्हाई म्हणे! सावत्र आजी तेव्हा जिवंत होती, तिनेच सांगितलं असणार. लेकीने विचारलं की धपाटा, आणि सातबारा नावावर करायची वेळ आली तेव्हा नाव घेतल्याने ती बाई आली तरी चालत होती. आणि मामाच्या सहीखाली, माझी या नोंदीस संमती आहे, या ओळीपुढे माझ्या आईची सही होती.

मी घरी येऊन कागद तिच्या हातात दिला. तिने चष्मा लावला आणि तो खिडकीपाशी नेला. नाव वाचलं. ओठ हलवून दोनदा वाचलं. मग तिचं बोट तिथून चार बोटं खाली आलं आणि स्वतःच्या सहीवर थांबलं.

"मामाने त्या नावावर हात ठेवला होता का?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. "घडी घातली होती का कागदाची?"

"नाही गं. उघडाच होता."

"मग वाचलं का नाहीस?"

"भावाने आणलेला कागद वाचायचा असतो का? त्याला काय वाटलं असतं?" ती म्हणाली. "आक्का, इथं सही दे म्हणाला. गाडी दारात उभी होती त्याची. मी हात पुसले आणि दिली."

मी मोबाईल उचलला. मामाला अशी सुनावणार होते की जन्मात विसरला नसता. आईने तो माझ्या हातातून काढून घेतला आणि पालथा ठेवला. माझी आई सातवी पास आहे. रोजचा पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचल्याशिवाय ती खाली ठेवत नाही, शेजारच्या बायका सरकारी पत्रं वाचून घ्यायला तिच्याकडे येतात. तिने पुन्हा एकदा बोट वर नेलं, त्या नावावर, आणि खाली आणलं.

"मला वाचता येत होतं गं," ती म्हणाली.