पथारीवाल्याचं मागचं अंगण

जमीन चोपावी तर रनाळ्याच्या सुकलालनेच, हे गावात कुणीही सांगेल. नंदुरबारच्या वेशीबाहेर वाळत घातलेल्या मिरच्यांच्या पथाऱ्या पडतात ना, लालभडक, नजर पोचेल तिथवर, त्या पथाऱ्यांखालची जमीन तयार करायचं काम त्याने उभी हयात केलं. आधी तासायची, मग पाणी मारायचं, धुम्मस घेऊन ठोक ठोक ठोकायची आणि वर शेणमातीचा हात फिरवायचा. ओली मिरची पसरली की खालून एक खडा वर येता कामा नये. सारवलेल्या जमिनीवर कुणाच्या पायाचा ठसा दिसला की हा बाबा अख्ख्या मजुरांचा उद्धार करायचा. व्यापाऱ्याने पाय टाकला तरी याची जीभ अडखळायची नाही.

आता गुडघे बोलायला लागले म्हणून तो घरी बसला. बसला म्हणजे काय, बसणारा माणूस तो नव्हेच. घराचं मागचं अंगण हीच त्याची पथारी झाली, वर्षानुवर्षं तेच तासायचं, तेच ठोकायचं.

त्या अंगणानेच घात केला. गेल्या श्रावणात निर्मलाबाई, म्हणजे त्याची बायको, न्हाणीतून बादली घेऊन निघाली, शेवाळावर पाय सटकला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पट्टी बसली, हाड जुळलं. हळूहळू ती चालायला लागली. पुढच्या दाराने मारुतीपर्यंत जायची, दुकानात जायची. पण मागच्या दाराचा उंबरा काही ओलांडेना. मागेच तिची चूल, मागेच मांडे भाजायचं खापर, आणि मागच्याच भिंतीपलीकडे बेबीबाई, तिची जन्माची मैत्रीण. पोळ्याला दोघी मिळून खापरावर मांडे टाकायच्या तेव्हा गल्लीतली माणसं उगाच चकरा मारायची. तेव्हापासून खापर भिंतीला पालथं पडलेलं. बेबीबाईला भेटायचं तर ती बिचारी अख्ख्या गल्लीला वळसा घालून पुढच्या दाराने येई.

"चाल ना, हात धर मन्हा," सुकलाल म्हणायचा.

"मी नही येवाव," ती म्हणायची, आणि आवाज अगदी बारीक व्हायचा. भांडकुदळ बायको घाबरलेली बघणं त्याला सोसत नव्हतं. पोळ्याच्या आत अंगणातलं शेवाळ समूळ घालवायचं आणि तिला चुलीपाशी नेऊन बसवायचं, एवढं एकच त्याने मनाशी धरलं.

आषाढ लागला तशी अंगणावर शेवाळाची हिरवी साय धरली. सुकलालने खुरपं घेतलं, सगळं तासून काढलं, घमेल्यात भरलं आणि भिंतीपलीकडे फेकलं. वर ब्लिचिंग पावडर मारली. मग पाणी शिंपडून धुम्मस घेतली आणि अंगण असं ठोकलं की आरशासारखं झालं.

"तुम्हीन आंगन चोपी ऱ्हायनात का पथारी?" निर्मलाबाईने उंबऱ्याच्या आत खुर्ची टाकून विचारलं.

"आते देख, येस का शेवाय!"

आलं की! आठवड्याच्या आत आलं, आणि या खेपेला एकटं नाही आलं. मखमलीसारख्या त्या बारीक शेवाळात मधे मधे चपट्या हिरव्या पापड्या उगवल्या, जमिनीला अशा चिकटलेल्या की नखाने उचलता येईनात. सुकलालने पुन्हा तासलं, पुन्हा चोपलं. पुन्हा आलं, आणखी घट्ट. अरे, ही काय थट्टा आहे? तो चिडला, धुम्मस आपटली, दोन दिवस अंगणाकडे बघितलंसुद्धा नाही.

पण माणूस मुळातला चौकस. तिसऱ्या दिवशी सकाळीच उकिडवा बसला. वाचायचा चष्मा डोळ्यांवरून काढला आणि पापडीवर धरला. भिंगातून बघतो तर काय, पापडीच्या पाठीवर चिमुकल्या वाट्या! कड दातेरी, आणि वाटीच्या तळाशी खसखशीहून बारीक हिरवे दाणे. सुकलाल हरखून बघतच राहिला. भाजी नव्हे, गवत नव्हे, फूल नाही, बी नाही, मग ही वाटीत वाढून ठेवलेली शिदोरी कुणासाठी?

त्या दिवसापासून त्याचा राग गेला आणि नाद लागला. चहा तिथेच, बिडी तिथेच. निर्मलाबाई आतून हाका मारून थकायची. "जेवाले या! का शेवायच खाशात?"

बघता बघता एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. सगळं अंगण हिरवं झालं होतं, फक्त कोंबड्यांच्या खुराड्यापुढे शेवाळाचा मागमूस नव्हता. पाऊस तोच, सावली तीच. फरक एवढाच की तिथे तो कधी धुम्मस घेऊन गेला नव्हता. कोंबड्यांनी उकरून उकरून माती भुसभुशीत केलेली. त्याने तांब्याभर पाणी खुराड्यापुढे ओतलं. गटकन मुरलं. दुसरा तांब्या आपल्या चोपलेल्या जमिनीवर ओतला. पाणी तिथेच. बिडी ओढून झाली तरी पाणी तिथेच.

सुकलालने तांब्या खाली ठेवला आणि भिंतीला टेकलेल्या धुम्मसीकडे बघितलं.

तेवढ्यात भिंतीपलीकडून बेबीबाईचं डोकं वर आलं. "भाऊ, तुमनी माटी मन्हा गिलकासले भलती मानवनी! आखो फेका ना थोडी."

सुकलालने टाचा उंचावून पलीकडे पाहिलं. त्याने फेकलेल्या घमेल्यांचा ढीग कुजून काळीभोर माती झाली होती, आणि तिच्यावर गिलक्यांचा वेल असा माजला होता की भिंत दिसेना. दर खेपेला शेवाळासोबत वरची चांगली माती तासून त्याने शेजारणीला वाढली होती, आणि आपल्याकडे राहिला होता निव्वळ ठोकलेला, उपाशी, ओला थर. दुसरं काही रुजणार नाही अशा जागेवर ते बिचारं शेवाळ तेवढं आलं होतं. ज्या हुन्नरावर सबंध आयुष्य मान मिळवला, त्याच हुन्नराने त्याने आपल्या बायकोच्या पायाखाली ही निसरड घातली होती.

तो घरात गेला. निर्मलाबाई तांदूळ निवडत होती. "हाई शेवाय मीच आनं," तो म्हणाला. "चोपी चोपी मीच आनं. तू पडनी ते मन्हामुळे." त्याचे डोळे भरून आले होते.

निर्मलाबाईने वर पाहिलं. तांदळाचं सूप बाजूला सारलं आणि म्हणाली, "मंग आते रडी काय व्हई? खोदा."

खोदणं सोपं नव्हतं हो. स्वतःच इतकी वर्षं ठोकलेली जमीन, कुदळ उसळून परत यायची. त्यात प्रत्येक घावाला जीव हळहळायचा, चांगली पथारी आपल्याच हाताने मोडतोय म्हणून. पण मोडली. आत रेती घातली, शेणखत घातलं, चुलीची राख मिसळली. बेबीबाईकडून चार घमेली माती परत मागितली, तेव्हा तिने हटकून गिलक्यांची भाजी आणि टोमणा दोन्ही दिलं. पत्र्याची धार अंगणभर ठिबकायची, तिला पन्हाळ लावून नालीकडे वळवलं. न्हाणीजवळ तेवढी पन्हाळ पुरली नाही. तिथल्या कोपऱ्यातल्या पापड्या त्याने तशाच ठेवल्या. खरं सांगायचं तर पन्हाळ पुरवता आली असती. त्याला त्या वाट्यांचं कोडं सोडवायचं होतं.

पोळा चार दिवसांवर आला. तो कोपरा सोडला तर अंगणात शेवाळ नव्हतं, माती मऊ, पाणी मुरत होतं. सुकलालने निर्मलाबाईला दारात आणलं, सगळं दाखवलं. तिने बघितलं, मान हलवली, आणि चौकटीवरचा हात काढला नाही. "चांगलं करं तुम्हीन," ती म्हणाली. "पन मन्हा पायच उचलास नही." सुकलालने तिला परत खुर्चीवर बसवलं. डरकाळी फोडणारा माणूस, पण त्या दिवशी जेवला नाही नीट.

दुसऱ्या दिवशी सकाळी बारीक पाऊस होता. सुकलाल डोक्यावर पोतं घेऊन न्हाणीजवळ बसलेला, हातात चष्मा. पत्र्यावरून एक टपोरा थेंब सुटला, बरोबर वाटीत पडला, आणि आतले दाणे टण्णकन उडून पार हातभर लांब जाऊन पडले. सुकलाल ओरडलाच.

"निर्मला! आव निर्मला! ये, ये, लवकर ये! उडनं देख!"

"काय उडनं?"

"आव दाना! वाटीमाईन!"

"कोठे? माले तं काही दखास नही."

"आते दुसरा थेंब पडी. मन्हा चष्मा ले."

तिने चष्मा घेतला, गुडघ्यावर हात टेकून वाकली. दोघांची डोकी जवळजवळ आदळली. थेंब पडला. दाणे उडाले. "माय व!" निर्मलाबाई म्हणाली, आणि लहान मुलीसारखी हसली. "हाई तं पेरनी करी ऱ्हायनं!"

"म्हनीसनच मी तासू तितलं वाढे," सुकलाल म्हणाला, आणि एकदम त्याची नजर तिच्या पायांकडे गेली.

निर्मलाबाईनेही खाली पाहिलं. तिने मागे वळून दाराकडे पाहिलं. उंबरा चांगला दहा पावलं लांब राहिला होता. तिचा हात घाबरून सुकलालच्या खांद्यावर आला. मग तिने पायाने मातीत जरा दाबून बघितलं. माती खाली बसली, पाय घट्ट राहिला. पुन्हा दाबून बघितलं. मग खांद्यावरचा हात काढला आणि एकटीच चुलीकडे गेली, पालथं खापर उचललं, बोटाने टिचकी मारून कानाशी धरलं.

"बेबी!" तिने भिंतीकडे तोंड करून आरोळी ठोकली. "आव बेबी! पुरनले दाळ किती घालूत?"

पलीकडून भांडं पडल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ बेबीबाईचं रडणं की हसणं, ते कळेना.

सुकलाल न्हाणीपाशीच उभा राहिला. उंबऱ्यापासून न्हाणीपर्यंत आणि न्हाणीपासून चुलीपर्यंत ओल्या मातीत निर्मलाबाईच्या पावलांचे ठसे उमटले होते, टाच, बोटं, सगळं स्पष्ट. सवयीने त्याचा हात भिंतीला टेकलेल्या फळीकडे गेला, माती सारखी करायला. मग त्याने हात मागे घेतला, आणि ते ठसे मोडू नयेत म्हणून कडेकडेने चालत तिच्याकडे गेला.